धुराबिगर ऊब

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बयाबाईला दोन गोष्टी सांगितल्या. थंडीत अंगाला ऊब पाहिजे आणि धुराजवळ अजिबात जायचं नाही. एवढं सांगून त्यांनी चिठ्ठी फाडली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. कसबा बावड्याच्या खालच्या गल्लीत धुराशिवाय ऊब कुठल्या दुकानात मिळते, हे काही त्यांनी सांगितलं नाही. बयाबाईचा मुलगा कृष्णात शेजारीच उभा होता, पण त्यालाही ते विचारायचं सुचलं नाही.

बयाबाईला दम्यानं धरलं होतं. पौष लागला की नदीकडून येणारा गारठा तिच्या छातीत शिरायचा आणि बोलताना आतून शिट्टी वाजायची. अंग शेकायला ती चुलीजवळ सरकली की धुरानं खोकल्याची उबळ यायची. खोकून बेजार होऊन लांब बसली की थंडीनं धाप लागायची. चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत अशी तिची हिवाळाभर येरझार चाले. गोळ्या संपायच्या, येरझार संपायची नाही.

खालची गल्ली म्हणजे बौद्धांची पंधरा-वीस घरं. छप्पन सालानंतर या गल्लीनं धर्म बदलला, देव्हारे रिकामे केले, पोरं शाळेत घातली. वरच्या गल्लीनं मात्र फक्त बोलायची भाषा बदलली. पूर्वी तोंडावर म्हणायचे ते आता पाठ फिरल्यावर म्हणू लागले, आणि याला सुधारणा म्हणायची रीत पडली.

कृष्णात याच गल्लीतला. आयटीआयमधून वेल्डर होऊन बाहेर पडला आणि त्र्याऐंशी साली गोबरगॅसच्या योजनेत हंगामी पर्यवेक्षक म्हणून लागला. दोन महिने त्याला ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथं एका शेतकऱ्याच्या घरात त्यानं गॅसची शेगडी पेटलेली बघितली. निळा जाळ, वर भाकरीचा तवा, आणि घरात धुराचा मागमूस नाही. भिंती पांढऱ्या, बाईचे डोळे कोरडे. बाकीचे ट्रेनिंगवाले टाकीची मापं उतरवून घेत होते आणि हा त्या पांढऱ्या भिंतीकडंच बघत बसला होता.

परत आल्या दिवशी त्यानं आईला शब्द दिला. "आय, तुला धुराबिगर ऊब देतो बघ. सकाळी काडी लावायची न् खुशाल शेगडीम्होरं बसायचं."

"शेणातनं जाळ?" बयाबाई हसली. "मग आजवर आमी शेणी थापून येडंच की रं!"

पहिली टाकी आपल्याच बावड्यात बांधायची असं त्यानं योजनेच्या साहेबांकडून मंजूर करून आणलं. एका घराची नव्हे, सगळ्यांनी मिळून वापरायची मोठी टाकी. वरच्या गल्लीच्या दूध संस्थेचे चेअरमन भाऊसो यांनी जागा दिली. भाऊसो गोड माणूस होते. कुणाला कधी उलट बोलले नाहीत, आणि कुणासाठी कधी सरळ उभेही राहिले नाहीत.

संस्थेच्या ओसरीवर बैठक झाली. टाकी चालायला पस्तीस जनावरांचं शेण लागणार होतं. वरच्या गल्लीतल्या अकरा घरांत मिळून चोवीस जनावरं भरली. तेव्हा कुणीतरी खालच्या गल्लीचं नाव काढलं. तिथल्या चार घरांत म्हशी होत्या, बयाबाईचीही एक म्हैस आणि एक रेडी होती.

"घ्या की त्यांचं बी," भाऊसो म्हणाले, "शेणाला कुठं जात असतीया?"

सगळे हसले. कृष्णातही हसला. जो शेण घालील त्याला गॅस, असं त्या बैठकीत ठरलं आणि वहीत तसं लिहिलंही गेलं.

तीन महिन्यांत टाकी उभी राहिली. खड्डा खणला, वीटकाम झालं, आणि वरचा लोखंडी घुमट कृष्णातनं स्वतः वेल्डिंग करून काळा रंगवला. बयाबाई रोज पहाटे शेणाची बुट्टी डोक्यावर घेऊन टाकीवर यायची. वाटेत दोनदा थांबायची, श्वास घ्यायची, पण बुट्टी खाली ठेवायची नाही. पूर्वी या शेणाच्या ती शेणी थापायची आणि वाळक्या शेणीचा जाळ त्यातल्या त्यात बरा असायचा. आता शेण टाकीत जायला लागलं तशा शेणी संपल्या आणि चुलीत उसाचं ओलसर पाचट आलं. त्याचा धूर असा की म्हैससुद्धा तोंड फिरवायची. पण थोड्या दिवसांचाच प्रश्न होता. बयाबाई तेवढ्यावर तग धरून होती.

टाकी भरली, आतल्या गॅसनं घुमट वर उचलला, पाईप अंथरायची वेळ आली. आणि भाऊसोंच्या आईनं, शालूबाईनं, कृष्णातला अंगणात बोलावून घेतलं. म्हातारी जोत्यावर बसली होती. त्याला तिनं अंगणात उभं केलं.

"कृष्णा, मी काय आता जुन्यावानी मानत न्हाय बाबा," तिनं सुरुवात केली. असं बोलणं या वाक्यानं सुरू झालं की पुढं काय येतं हे खालच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. "पर ह्या घरात देवाचा निवद शिजतोय. तुमच्या चुलीपातूर गेलेला ग्यास माघारी फिरून आमच्या चुलीत आला, मग रं?"

"आजी, ग्यास माघारी फिरत न्हाय. टाकीतनं शेगडीत जातोय न् तिथंच जळून जातोय."

"तू शिकल्याला. तुला म्हाईत. आमाला काय कळतंय? नळ तर एकच हाय न्हवं?"

"पर टाकीत शेण आमच्या म्हशींचं बी हाय की!"

"शेणाला इटाळ नसतोय," शालूबाई त्याला समजावून सांगत म्हणाली. तिचा आवाज मायेचा होता. त्या मायेनंच कृष्णातच्या डोक्यात तिडीक गेली.

भाऊसो त्याला रस्त्यापर्यंत सोडायला आले. चालता चालता त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला, म्हणजे आपण घरच्यांपेक्षा वेगळे आहोत हे दिसावं. "मला काय वाटत न्हाय बघ. पर घरातल्या बायका आडून बसल्या तर मी काय करू? मार्चात टाकी नीट चालतीया म्हणून तुझा दाखला वर जायचाय न्हवं? अकरा घरांच्या सह्या लागत्यात त्येला. एक म्हातारी जरी ग्यास नगं म्हणून बसली तर तुझं परमनंटचं बोंबललं."

"वहीत लिवलंय भाऊसो. जो शेण घालील त्येला..."

"लिवलंय की. कोण न्हाय म्हणतंय? जरा दम धर. एकदा परमनंट झालास की मग जोड जा कुणालाबी. कुणाच्या बाचं भ्या हाय तुला?"

"साहेबास्नी कारण द्यावं लागंल."

"दे की मग," भाऊसो म्हणाले. "शिकलास कशाला?"

त्या दुपारी कृष्णातनं नकाशा काढला. वरच्या गल्लीत अकरा रेघा नेल्या. खालच्या गल्लीवर पेन्सिल टेकवली आणि बराच वेळ तशीच धरली. मग कडेला लिहिलं: सदर वस्ती टाकीपासून दूर व सखल भागात असल्याने पाईपात पाणी साचते, दाब पोचत नाही. यातलं पाणी साचतं तेवढं खरं होतं. पण सखल जागी एक छोटी तोटी बसवली आणि आठवड्यातून एकदा पाणी सोडून दिलं की काम भागतं, हे ट्रेनिंगच्या तिसऱ्याच दिवशी शिकवलं होतं. साहेबांनी वर न बघता सही केली.

आईला सांगायचं राहिलं होतं. ती भाकरी थापत होती. घरात पाचटाचा धूर गुडघ्यापासून आढ्यापर्यंत कोंदला होता.

"आय, आपल्याकडं ग्यास येत न्हाय."

तिचा हात थांबला. "का रं?"

"लांब पडतंय. उतार हाय, नळात पाणी साचतंय. दाब पोचत न्हाय. शास्त्र हाय त्ये."

तिनं लुगड्याच्या पदरानं डोळे पुसले आणि त्याच्याकडं बघितलं. "तू मापलंस?"

"व्हय."

"मग न्हाय तर न्हाय," बयाबाई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. तिनं एक शंकासुद्धा काढली नाही. वरच्या गल्लीनं नाही म्हटलं असतं तर तिनं सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण हे तिच्या लेकानं मापून सांगितलं होतं. हयातभर तिला जे जे नाकारलं गेलं, त्यात कारणासकट मिळालेला हा पहिलाच नकार होता.

शेजारच्या आक्काताईचं मात्र पित्त खवळलं. तिच्याही दोन म्हशींचं शेण टाकीत जात होतं. "आमचं शेण तिकडं पोचतंय, त्येला दाब लागत न्हाय व्हय गं बया?" ती भर गल्लीत ओरडली. "उद्यापासनं एक पो घालणार न्हाय मी!"

बाकीच्या दोन घरांनीही मान डोलावली. चार घरांचं शेण थांबलं असतं तर महिन्याभरात घुमट खाली बसला असता, आणि त्याच्याबरोबर कृष्णातची नोकरीही. तेव्हा बयाबाई धापा टाकत घरोघर फिरली. "शास्त्र हाय त्ये," ती सांगायची. "माझ्या लेकानं सोता मापलंय. मार्चापातूर तरी घाला गं बायांनो. पोराच्या हातातोंडाशी आलंय, त्ये जाऊ देऊ नगासा." बायका कुरकुरल्या, पण बयाबाईचा शब्द गल्लीत कुणी मोडत नसे. पुन्हा रोज पहाटे चार घरांतल्या बुट्ट्या वर जायला लागल्या आणि वरच्या गल्लीत अकरा शेगड्या झकास पेटल्या. शालूबाईच्या न्हाणीतलं पाणीसुद्धा गॅसवर तापू लागलं.

एप्रिलात कृष्णात परमनंट झाला. त्यानं पेढे आणले. बयाबाईनं ते आधी शेण घालणाऱ्या तीन घरांत नेऊन दिले आणि मग एक स्वतःच्या तोंडात टाकला. मार्च सरला तरी तिच्या शब्दावर बुट्ट्या वर जातच राहिल्या.

आता जोडतो, असं तो मनाशी म्हणाला. मग पाऊस आला, पावसात चर खणता येत नाही. पावसानंतर गणपती आले, मग दिवाळी. खरं म्हणजे त्याला आता वरच्या गल्लीचं भय उरलं नव्हतं. भय होतं आईचं. पाईप जोडायचा तर आधी सांगायला पाहिजे होतं की दाब पोचतो, पहिल्यापासूनच पोचत होता. रोज घरी येताना तो हे वाक्य मनात जुळवायचा, आणि दारातून खोकला ऐकू आला की गिळून टाकायचा. नोकरी कायम झाली तसं खोटंही कायम होऊन बसलं. माणूस भित्रा असला की त्याला शिक्षणाचासुद्धा आडोसा पुरतो.

त्या पौषात भाऊसोंचा चुलतभाऊ सयाजी यानं उसाच्या रानात नवं घर बांधलं. खालची गल्ली ओलांडून पुढं आणखी तेवढंच चाललं की ते घर यायचं. सयाजीनं गॅस मागितला. साहेबांना लांबवरच्या घरात जाळ पेटवल्याचं वर कळवायचं होतं, त्यांनी दोन दिवसांत मंजुरी दिली. काम अर्थातच कृष्णातकडं आलं.

चर न्यायला एकच वाट होती, खालच्या गल्लीच्या परसातून. कृष्णातनं दुसरी वाट शोधून बघितली, नाही असं नाही. तीन दिवस टेप घेऊन उसातून फिरला. शेवटी चर परसातूनच गेला. बयाबाईच्या मागल्या भिंतीपासून पंधरा पावलांवर. पाणी काढायची तोटी तर बरोबर आक्काताईच्या उकिरड्याशेजारी बसली.

भर दुपारी बयाबाई त्याची भाकरी घेऊन चरावर आली. फडकं हातातच धरून तिनं पाईपाकडं बघितलं.

"ह्यो कुठं चाललाय रं?"

"सयाजीच्या घराकडं."

"त्या उसातल्या?"

"व्हय."

तिनं भाकरीचं फडकं त्याच्या हातात दिलं आणि चराच्या कडेकडेनं चालायला लागली. आय, कुठं निघालीस, असं त्यानं विचारायला पाहिजे होतं. उन्हात धाप लागेल म्हणून तरी थांबवायला पाहिजे होतं. तो फडकं धरून उभा राहिला. ती उसाच्या कडेला एकदा बसली, उठली, पुन्हा चालली. सयाजीच्या भिंतीला हात लावला आणि मागं फिरली. येताना आणखी एकदा बसली. साधा सपाट रस्ता होता, कुठं टेकाड नाही की चढ नाही. तिचं ते लांबवर एकटं बसणं बघून कृष्णातला वाटलं, आत्ताच्या आत्ता हा चर आपल्यावर लोटून घ्यावा.

ती परत आली तोवर आक्काताई आणि चार-दोन बाया परसात जमल्या होत्या. आक्काताईनं कमरेवर हात ठेवले. "काय ओ परमनंट सायेब? आमच्या उकिरड्यावरनं नळ निघालाय फुडं. आता कसा पोचतोय दाब?"

कृष्णातनं तोंड उघडलं. काय बोलणार होता ते त्यालाही माहीत नव्हतं. पण त्याच्या आधी बयाबाईच बोलली. श्वास पुरत नव्हता, म्हणून शब्द तुटक येत होते.

"तिकडं चढ हाय, आक्के. चढाला ग्यास चढतोय. आपल्याकडं पाणी साचतंय. त्येचं माप येगळं असतंय."

"कुठं हाय चढ?" आक्काताईनं सपाट रानाकडं हात केला.

"तुला न्हाय दिसायचं त्ये. मी आत्ता चालून आलोय न्हवं?"

आक्काताईनं एकदा रानाकडं बघितलं, एकदा बयाबाईच्या तोंडाकडं. "तू सांगतीस म्हणून ऐकतो, बया," ती सावकाश म्हणाली आणि आत गेली. तिच्यामागं बाकीच्याही गेल्या.

त्या दिवशी कृष्णातनं भाकरी खाल्ली नाही. दिवेलागणीला घरी आला तेव्हा बयाबाई चुलीपुढं बसली होती. पाचट धुमसत होतं.

"आय, उद्याच जोडतो," तो दारातूनच बोलला. "एक सांधा काढला की झालं. साहेबास्नी बी इच्यारत न्हाय. भाऊसो काय करायचं त्ये करू दे. मी चुकलो, आय. मला माफ कर."

तिनं चुलीतलं पाचट सारखं केलं. "आन् आक्कीला काय सांगू?"

"आक्कीला काय?"

"तिनं वरीसभर शेण घातलं. मी सांगितलं म्हणून घातलं. दुपारी बी मी सांगितलं म्हणून गप आत गेली. उद्या माझ्या घरात जाळ दिसला तर इच्यारल न्हवं, बया, ह्यो दाब आज कुठनं आला?"

"तिला बी जोडतो. सगळ्यास्नी जोडतो."

"मग तर सगळीच इच्यारतील. वरीसभर का न्हाय जोडला म्हणतील. तुला खोटा म्हणतील." बोलता बोलता तिला उबळ आली. ती खोकली, थांबली, पुन्हा श्वास घेतला. "मी जित्ती हाय तवर माझ्या पोराला गल्लीनं खोटा म्हणायचं न्हाय. आता माझ्या घरात ग्यास नगं."

कृष्णात भिंतीला टेकला. "तुला आजच कळलं व्हय, आय?"

"मला मोजाय येत न्हाय. चालाय येतंय." ती त्याच्याकडं न बघता बोलत होती. "वरच्या आळीनं न्हाय म्हटलं असतं तर मला काय सुदीक वाटलं नसतं. लई ऐकलंय त्यांचं न्हाय. तू शास्त्र म्हणालास, कृष्णात. म्या त्ये खरं धरलं."

त्याला रडू आलं. तो तिच्या शेजारी बसायला गेला. तिनं हातानं त्याला मागं सारलं, रागानं नव्हे, लहानपणी सारायची तसंच.

"हितं बसू नगं. धूर हाय. भाईर जाऊन बस जा, भाकरी झाली की हाक मारतो."

आणि कृष्णात बाहेर जाऊन बसला.